बाधित साक्षीदार

साक्षीदाराविषयीं आपण दोन अपेक्षा एकाच वेळीं बाळगीत असतों, आणि त्या परस्परविरुद्ध आहेत हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. पहिली अपेक्षा अशी कीं, घडलेली गोष्ट त्यानें जवळून पाहिलेली, किंबहुना अनुभविलेली असावी. दुसरी अशी कीं, त्या गोष्टीचा त्याच्या स्वतःवर कांहींएक परिणाम झालेला नसावा. जो दूर होता त्याला आपण म्हणतों, 'तुला काय ठाऊक?' आणि जो जवळ होता, ज्याला धग लागली, त्याला म्हणतों, 'तूं तर पोळलेला. तुझें मन स्वच्छ कसें राहणार?' न्यायालयांत, चौकशी-समित्यांत, इतिहासलेखनांत, फार काय घरगुती तंट्यांतही ही अडचण पदोपदीं उभी राहते. आणि बहुधा तिचा निकाल पोळलेल्या माणसाच्या विरुद्ध लागतो. तो 'हितसंबंधी' ठरतो, आणि ज्याला कांहींच लागलें नाहीं तो 'निःपक्षपाती' ठरतो.

हा निकाल न्याय्य आहे काय, आणि बाधा झालेल्याची साक्ष कोणत्या अटींवर ग्राह्य धरावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नीतिशास्त्रांत त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे; परंतु आज त्याचा विचार आम्ही एका अनपेक्षित बाजूनें करूं इच्छितों. अतिवाहक क्यूबिट नांवाच्या वस्तूला भोंवतालच्या गोंगाटाचा जो उपद्रव होतो, तो मोजण्याचे प्रयोग भौतिकशास्त्रांत गेलीं सुमारें पंचवीस वर्षें चालू आहेत. त्या प्रयोगांत असें दिसून येतें कीं, ज्याला उपद्रव होतो तोच त्या उपद्रवाचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरतो. मात्र त्याची साक्ष घेण्याची पद्धति शास्त्रज्ञांना फार विचारपूर्वक बसवावी लागली आहे. दृष्टांतानें सिद्धान्त सिद्ध होत नाहीं, हें तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांतच आपण शिकतों. तथापि जें अशक्य म्हणून आपण सोडून दिलें होतें तें एके ठिकाणीं शक्य झालेलें दाखविणें, एवढें कार्य दृष्टांत खचित करूं शकतो.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. कांहीं धातु अतिशय थंड केले असतां त्यांतून विजेचा प्रवाह कोणताही रोध न होतां वाहूं लागतो. अशा स्थितींतील धातूला अतिवाहक म्हणतात. अॅल्युमिनियम सुमारें १·२ केल्विन तपमानाखालीं अतिवाहक होतो. अशा दोन अतिवाहकांच्या मध्यें ऑक्साइडचा अत्यंत पातळ पडदा ठेवला, तरी त्या पडद्यांतून प्रवाह पार जाऊं शकेल, असें भाकीत ब्रायन जोसेफसन या केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९६२ सालीं केलें, आणि १९७३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. असा पडदा घालून केलेलें विद्युन्मंडल, डोळ्यांना दिसण्याइतकें मोठें असूनही, एखाद्या अणूप्रमाणें क्वांटम नियमांनीं वागतें, हें जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनीं १९८५ च्या सुमारास बर्कली येथें दाखवून दिलें. त्याबद्दल त्यांना २०२५ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. अशा मंडलाच्या तळच्या व त्यावरच्या अशा दोन अवस्था निवडून त्यांच्यावर गणित करावयाचें, ही क्यूबिटाची कल्पना होय. सामान्य गणकयंत्रांतील खूण एकतर शून्य असते किंवा एक. क्यूबिट मात्र या दोहोंच्या मिश्रणांत राहूं शकतो, आणि त्या मिश्रणाला घड्याळाच्या कांट्यासारखी एक लय असते. ही लय जोंवर टिकते तोंवरच त्याचा उपयोग. १९९९ सालीं जपानांत त्सुकुबा येथें नाकामुरा, पाश्किन व त्साइ यांनीं असा पहिला क्यूबिट इच्छेनुसार चालवून दाखविला, तेव्हां ती लय सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावी एवढीच टिकली. आज उत्तम क्यूबिटांत ती सेकंदाच्या दशसहस्रांश भागाच्या आसपास, क्वचित् त्याहूनही अधिक टिकते. मुंबईस कुलाब्याच्या टोकाशीं असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही असे क्यूबिट घडविले जातात. सहा क्यूबिटांच्या एका यंत्राची समग्र चाचणी २०२४ सालीं तेथें पार पडली.

ही लय बिघडविणारें जें जें कांहीं, त्याला शास्त्रज्ञ गोंगाट म्हणतात. येथें हा शब्द कानाला ऐकूं येणाऱ्या आवाजापुरता नाहीं. जो बदल आपण मागितला नाहीं, ज्याचा आगाऊ अंदाज बांधतां येत नाहीं आणि जो आपल्या कामांत लुडबूड करतो, तो सारा गोंगाट. क्यूबिटाच्या बाबतींत त्याचे प्रकार अनेक आहेत. ऑक्साइडच्या पडद्यांत कांहीं अणु दोन जागांमध्यें डळमळत असतात. जवळपास विजेचे भार हलतात. धातूच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म चुंबक आपली दिशा बदलतात. या शेवटच्या उपद्रवाला पृष्ठभागावर चिकटलेले प्राणवायूचे रेणु पुष्कळ अंशीं कारण आहेत, असा पुरावा २०१६ सालीं मिळाला. ज्यावर आपण जगतों त्याच वायूचा हा उपसर्ग! शिवाय उष्णता आहेच. क्यूबिटाची कंपनसंख्या साधारणपणें सेकंदाला पांच अब्ज असते. या कंपनाची शक्ति ०·२४ केल्विन तपमानाच्या उष्णतेइतकीच भरते. म्हणून त्याला हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतयंत्रांत ठेवून ०·०२ केल्विनपर्यंत थंड करावें लागतें. आपल्या खोलीची उष्णता याच्या पंधरा हजार पट आहे.

येथें एक सहज प्रश्न उद्भवतो. एवढा उपद्रव होतो तर क्यूबिटाला सर्व बाजूंनीं बंद करून कां ठेवूं नये? शिसें, तांबें, चुंबकरोधक धातूंचीं आवरणें अशा एकांत एक पेट्यांत त्याला ठेवतातच. परंतु संपूर्ण बंद करतां येत नाहीं. क्यूबिटाला आज्ञा द्यावयाची तर बाहेरून तार आंत न्यावी लागते, आणि ज्या वाटेनें आज्ञा जाते त्याच वाटेनें बाहेरच्या खोलीची उष्णताही आंत शिरते. म्हणून त्या तारेवर टप्प्याटप्प्यानें रोधक बसवून दहा लाखांत सुमारें एक हिस्सा एवढीच शक्ति शेवटीं क्यूबिटापर्यंत पोंचूं देतात. आज्ञाही त्याच प्रमाणांत क्षीण होते. म्हणून ती वरून मोठ्यानें द्यावी लागते. ही वाट अजिबात बंद केली तर क्यूबिट निर्बाध होईल हें खरें. पण मग त्याला कांहीं सांगतां येणार नाहीं आणि त्याच्याकडून कांहीं समजूनही घेतां येणार नाहीं. तो असून नसल्यासारखाच होईल. जगाशीं ज्याचा संबंध आहे त्याला जगाची बाधा होणारच, हा येथला पहिला धडा होय.

आतां मोजमापाकडे वळूं. शीतयंत्राला तपमापक जोडलेला असतो, आणि तो ०·०२ केल्विन दाखवितो. त्यावर विसंबावें तर क्यूबिट वरच्या अवस्थेंत सांपडण्याचा प्रसंग लाखांत एखाद्या वेळींही येऊं नये. प्रत्यक्ष क्यूबिटाला विचारलें असतां निरनिराळ्या प्रयोगशाळांत वेगळेंच उत्तर मिळालें. तो शंभरांत एखाद्या वेळीं वर सांपडतो, म्हणजे त्याच्यापुरतें तपमान ०·०५ केल्विनच्या आसपास, कांहीं ठिकाणीं त्याहूनही अधिक आहे. तपमापक खोटें बोलत नाहीं. तो ज्या तांब्याच्या पत्र्यावर बसविला आहे त्या पत्र्याचें तपमान तो बरोबर सांगतो. परंतु तारेवाटे येणारा उष्णतेचा अंश, भटकणारे किरण, तुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या यांचा क्यूबिटावर होणारा आघात तपमापकाला लागतच नाहीं, म्हणून त्याला त्याची वार्ताही नाहीं. ज्याला बाधा झाली नाहीं त्याची साक्ष प्रामाणिक असूनही अपुरी असूं शकते, हें याहून स्पष्ट कसें दिसावें?

पण म्हणून क्यूबिटाचें म्हणणें जसेंच्या तसें खरें मानून चालतात काय? मुळींच नाहीं. एका वेळीं क्यूबिट फक्त 'खालीं' किंवा 'वर' एवढेंच उत्तर देऊं शकतो, आणि त्या एका उत्तरापासून कांहींच निष्पन्न होत नाहीं. म्हणून नॉर्मन रॅम्झी या शास्त्रज्ञानें १९४९ च्या सुमारास रेणूंच्या प्रवाहांसाठीं जी पद्धति शोधून काढली तीच येथें वापरतात. प्रथम क्यूबिटाला तळच्या अवस्थेंत स्थिर करतात. मग सूक्ष्मलहरींचा एक मोजलेला ठोका देऊन त्याला दोन अवस्थांच्या बरोबर मध्यें आणतात. येथून त्याचा कांटा फिरूं लागतो. कांहीं काळ त्याला एकटें सोडून, नंतर तसाच दुसरा ठोका देऊन त्याला विचारतात, 'खालीं कीं वर?' भोंवतीं कांहींच गडबड नसेल तर उत्तर काय येणार तें आधींच सांगतां येतें. गडबड असेल तर कांटा दर खेपेस किंचित् निराळ्या जागीं जाऊन थांबतो. हाच प्रयोग हजारों वेळां करतात, मधला काळ हळूहळू वाढवीत नेतात, आणि उत्तरांतील निश्चितपणा कसकसा ओसरत जातो याची रेषा काढतात. त्या रेषेच्या उतारांत गोंगाटाचें परिमाण आणि त्याचा स्वभाव दोन्ही वाचतां येतात. सत्य आहे तें उत्तरांच्या समुच्चयांत. आणि तेंही आरंभींची स्वस्थ अवस्था नक्की ठाऊक असेल तरच.

याहून मार्मिक पद्धति अर्विन हान यानें १९५० सालीं अणुगर्भांच्या चुंबकत्वासाठीं काढली. ती समजण्यास वाण्याची तागडी उपयोगी पडेल. तागडीला पासंग असेल, म्हणजे एक पारडें मुळांतच जड असेल, तर माल एकदां डाव्या पारड्यांत व एकदां उजव्या पारड्यांत घालून तोलावा आणि दोन वजनांची सरासरी घ्यावी. पासंगाचा दोष जवळजवळ फिटतो. त्याचप्रमाणें मधल्या काळाच्या बरोबर अर्ध्यावर क्यूबिटाला एक ठोका देऊन उलटा करतात. जो उपद्रव मंद आहे, पूर्वार्धांत व उत्तरार्धांत सारखाच राहिला आहे, त्याचा परिणाम पूर्वार्धांत जेवढा पुढें गेला तेवढाच उत्तरार्धांत मागें येतो व नाहींसा होतो. परंतु पारडीं बदलतां बदलतां वाऱ्याची झुळूक आली तर तिचा दोष या युक्तीनें जात नाहीं. जलद उपद्रव शिल्लक राहतो. अशा रीतीनें मंद आणि जलद यांची निवड करतां येते. पुढें एकाऐवजीं अनेक ठोके ठराविक तालावर देऊं लागले, तेव्हां त्या तालाशीं जुळणारा गोंगाट तेवढा उठून दिसूं लागला. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयांतील बिलांडर व त्याचे सहकारी यांनीं २०११ सालीं या रीतीनें, शेंकडों ठोक्यांपर्यंत जाऊन, सेकंदाला २ लाखांपासून २ कोटींपर्यंतच्या कंपनसंख्यांचा गोंगाट क्यूबिटाकडूनच वदवून घेतला. कंपनसंख्या जसजशी वाढते तसतसा तो जवळजवळ त्याच प्रमाणांत घटत जातो, असें त्यांना दिसलें.

या पद्धतींत एक गोष्ट आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. साक्षीदार तोच, उपद्रव तेच. परंतु प्रश्न विचारण्याचा ताल बदलला कीं उत्तर बदलतें. संथ तालानें विचारलें तर संथ गोंगाट ऐकूं येतो, जलद तालानें विचारलें तर जलद. याचा अर्थ साक्षीदार लहरी आहे असा नव्हे. प्रश्न हा एका विशिष्ट भोंकाच्या चाळणीसारखा असतो, आणि चाळणींतून काय पडलें हें सांगतांना चाळणी कोणती होती हेंही सांगावें लागतें. आपल्या चौकशी-समित्या मात्र साक्षीदाराचीं उत्तरें तेवढीं नोंदून ठेवतात आणि त्यांतील विसंगति त्याच्या पदरीं बांधतात.

आणखी एक भेद शास्त्रज्ञांना करावा लागतो. क्यूबिट बिघडला तर दोष त्याचा कीं परिस्थितीचा? एकटा एक क्यूबिट एका विशिष्ट कंपनसंख्येलाच आपली शक्ति झपाट्यानें गमावीत असेल, तर बहुधा त्याच्याच पडद्यांतील एखाद्या डळमळत्या अणूची ती करणी असते. कंपनसंख्या थोडी सरकविली कीं तो पुन्हां नीट वागतो. उलट अनेक क्यूबिट एकाच क्षणीं बिघडले तर कारण बाहेर शोधावें लागतें. २०२० सालीं मॅसॅच्युसेट्स येथें किरणोत्सर्गी तांब्याचा एक तुकडा क्यूबिटाजवळ ठेवून, आणि दुसऱ्या प्रयोगांत शिशाच्या विटांची भिंत पुढें-मागें करून, असें दाखविण्यांत आलें कीं, नित्याच्या परिसरांतील किरणोत्सर्ग व आकाशांतून येणारे विश्वकिरण हेही क्यूबिटाची लय मोडतात. बाकी सारे उपद्रव दूर केले तरी केवळ या किरणांमुळें ती सेकंदाच्या सुमारें चार सहस्रांश भागांपलीकडे टिकूं शकणार नाहीं. पुढें गूगलच्या एका यंत्रांतील सव्वीस क्यूबिटांवर एकाच वेळीं पहारा ठेवण्यांत आला. तेव्हां सुमारें दर दहा सेकंदांस एकदां त्यांतील पुष्कळसे क्यूबिट एकदम कोसळतात व मग हळूहळू सांवरतात, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत नमूद आहे. एकट्याची तक्रार ही त्याच्या प्रकृतीची खोड असूं शकेल. सव्वीसांची एकाच क्षणींची तक्रार ही खोड असूं शकत नाहीं. मात्र हें कळण्यासाठीं सव्वीसांनाही विचारावें लागलें, आणि एकाच वेळीं विचारावें लागलें. एकेकाला निरनिराळ्या दिवशीं बोलावून त्याचें समाधान करून परत पाठविलें असतें, तर सव्वीस खोड्यांची एक यादी तेवढी हातीं आली असती.

शेवटचा भेद सर्वांत नाजूक आहे. क्यूबिटाचें उत्तर घेण्यासाठीं त्याच्या शेजारच्या एका पोकळींत सूक्ष्मलहरींचा प्रकाश सोडतात. त्या प्रकाशाचे चार-दोन कण, उत्तर घेऊन झाल्यावरही, पोकळींत रेंगाळले तर ते क्यूबिटाची लय बिघडवितात. म्हणजे तपासणाऱ्याचा दिवाच उपद्रवाचें एक कारण होतो! हा उपद्रव लपवीत नाहींत. तोही मोजतात, आणि एकंदर हिशोबांत मांडतात. चौकशी करणारा स्वतःला परिस्थितीच्या बाहेर समजतो, पण तो बाहेर नसतो. विधवेला दहा वेळां तोच प्रसंग सांगावयास लावणारा अधिकारी तिच्या शेवटच्या जबानींतील गोंधळाला अंशतः स्वतः जबाबदार असतो. आणि तो गोंधळ तिच्या नांवावर मांडणें हा हिशोबांतील लबाडीचाच एक प्रकार आहे.

येथें विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. क्यूबिट जड वस्तु आहे. त्याला राग नाहीं, लोभ नाहीं, सूड घ्यावयाचा नाहीं. मनुष्य पोळला कीं त्याच्या ठिकाणीं केवळ बाधा होत नाहीं, इच्छाही उत्पन्न होते. आणि ती इच्छा साक्षींत मिसळते. मग हा दृष्टांत मनुष्याला कसा लागू पडावा? आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून काय निघतें तें नीट पाहावें. क्यूबिटालाही सत्य बोलण्याची इच्छा नाहींच; त्याचें एकेक उत्तर सत्यही नसतें आणि असत्यही नसतें. सत्य निघतें तें विचारण्याच्या शिस्तींतून. मनुष्याच्या बाबतींत इच्छेची भर पडते म्हणून ती शिस्त अधिक कडक हवी, एवढेंच या आक्षेपानें सिद्ध होतें; साक्षीदार बाद करावा हें सिद्ध होत नाहीं. शिवाय ज्याला बाधा झाली नाहीं तो इच्छारहित असतो, हें कोणी ठरविलें? आपल्या सुखांत व्यत्यय येऊं नये, ही इच्छा फार शांतपणें वावरते व म्हणूनच ती इच्छा म्हणून ओळखूं येत नाहीं.

मनुष्याकडूनही अशी साक्ष घेतां येते, याचें एक उदाहरण कापसाच्या गिरण्यांत सांपडतें. कापूस पिंजण्याच्या खात्यांत धुळींत काम करणाऱ्या कामगारांना छातीचा एक रोग होतो. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, आरंभीं छाती आवळल्यासारखी वाटते ती आठवड्याच्या सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशीं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ती मोकळी होते. कामचुकार मनुष्याला सुटीनंतर नेमका दमा लागतो, असा कुत्सित अर्थ यांतून काढणें किती सोपें आहे! वस्तुतः सुटीमुळें फुप्फुस एक दिवस स्वस्थ होतें, आणि त्या स्वस्थतेच्या तुलनेनेंच पहिल्या दिवसाचा आघात स्पष्ट जाणवतो. रोग वाढला कीं त्रास इतर दिवसांवर पसरतो, आणि शेवटीं तो रोजचाच होतो. तेव्हां कामगाराला तुलनेसाठीं स्वस्थ दिवसच उरत नाहीं, आणि 'तुला त्रास कशानें होतो' या प्रश्नाचें नेमकें उत्तरही त्याला देतां येत नाहीं. बाहेरून आलेला पाहुणा त्या खात्यांत घटकाभर उभा राहून 'हवा ठीक आहे' असें म्हणेल, तर तो खोटें बोलत नसतो. शीतयंत्राच्या तपमापकाप्रमाणें त्याला ती गोष्ट लागलेलीच नसते. ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण खरी आहे; परंतु अपुरी आहे. ज्याचें जळतें त्याला कळतें, जर त्याला न जळण्याचीही ओळख असेल तर. आणि इतरांना तें कळतें, जर त्याला नीट विचारलें असेल तर.

आपल्या तत्त्वज्ञानाच्या परंपरेला हें म्हणणें प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. सांख्यांनीं पुरुषाला साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा व अकर्ता मानलें आहे. वेदान्तांतही साक्षी तो असंग. मुंडकोपनिषदांतील दोन पक्ष्यांच्या रूपकांत एक पक्षी फळ खातो व दुसरा न खातां नुसता पाहतो. आणि श्रेष्ठपणा आपण दुसऱ्याला देतों. मग न लागलेला तोच खरा साक्षी, असें आमचें शास्त्र सांगत नाहीं काय? आमच्या मतें येथें एका शब्दाचे दोन अर्थ एकत्र झाले आहेत. तो असंग साक्षी कोणापुढें जबानी देत नाहीं. फळ कडू होतें कीं गोड, हें त्याला कोणी विचारीत नाहीं; आणि विचारलें तर तें सांगावयास खाणाऱ्या पक्ष्याकडेच जावें लागेल. मोक्षमार्गांत असंगतेचें जें मोल आहे तें आहेच. त्याविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु तो आदर्श व्यवहाराच्या चावडीवर आणून, 'तुला लागलें आहे, म्हणून तूं साक्षी नव्हेस' असें दुःखिताला सांगणें, हा त्या आदर्शाचाच दुरुपयोग आहे.

तथापि शांतीचें महत्त्व यानें कमी होत नाहीं, आणि हाच आमच्या विवेचनाचा शेवटचा व मुख्य मुद्दा आहे. १९९९ च्या त्या पहिल्या क्यूबिटाला विश्वकिरणांविषयीं विचारलें असतें तर तो कांहींच सांगूं शकला नसता. किरण तेव्हांही येतच होते. पण त्याची लय इतर स्थूल उपद्रवांनींच इतक्या लवकर मोडत असे कीं, सूक्ष्म उपद्रवाची नोंद होण्यास अवकाशच नव्हता. धातु अधिक शुद्ध झाले, पडदे सुधारले, तारांवरील रोधक नीट बसले, आणि क्यूबिट जसजसा अधिक स्वस्थ झाला तसतसा तो अधिकाधिक बारीक गोंगाटाची वार्ता देऊं लागला. म्हणजे स्वस्थता आणि संवेदना यांचा आपण जो विरोध कल्पितों तो येथें नाहीं. बधिर माणसालाही कांहीं ऐकूं येत नाहीं आणि कोलाहलांत सांपडलेल्यालाही येत नाहीं. ऐकूं येतें तें निवांत बसलेल्या पण कान उघडे असलेल्या माणसाला. आपल्याकडे शम-दमादि साधनांचें वर्णन पुष्कळदां असें केलें जातें कीं, जणूं त्यांचें फळ म्हणजे जगाचें कांहीं न लागणें. त्यांचें फळ याच्या उलटही असूं शकेल: जें इतरांना लागत नाहीं तेंही लागणें, आणि तरी त्याची जबानी देण्याइतकी लय टिकणें.

यावरून व्यवहारांत कांहीं नियम हातीं येतात. बाधित साक्षीदाराला त्याच्या बाधेमुळें बाद करूं नये. त्याची बाधा हीच त्याची अर्हता आहे. पण त्याचें एक वचन हा पुरावाही मानूं नये. त्याची स्वस्थ अवस्था कोणती होती तें आधीं पाहावें. पुनःपुन्हां व निरनिराळ्या तालांनीं विचारावें. इतरांनाही त्याच वेळीं विचारावें. आणि आपल्या विचारण्यानें त्याला जो त्रास झाला तो वेगळा मांडावा. हें सारें कष्टाचें आहे. एका क्यूबिटाकरितां शास्त्रज्ञ तें हजारों वेळां करतात, कारण न करावें तर त्यांचें यंत्र चालत नाहीं. माणसाकरितां तें न केल्यास आपलें यंत्र बंद पडत नाहीं, तें चालूच राहतें. आणि म्हणूनच तें करण्याची निकड आपल्याला वाटत नाहीं. ज्यांच्या साक्षीवांचून आपलें कांहीं अडत नाहीं, त्यांची साक्ष आपण किती काळजीनें घेतों, यावरच समाजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा करणें योग्य होईल.